नारिंग, लसूण आणि मंद आच

डुकराच्या खांद्याचा, हाड आणि कातडी न काढलेला तीन-चार किलोंचा तुकडा लसूण, मीठ, मिरी, ओव्याची आठवण करून देणारा ओरेगानो आणि आंबट रस यांच्या वाटणात रात्रभर मुरवायचा, आणि मग चार-पाच तास मंद आचेवर इतका शिजवायचा की हाड ओढताच मांसातून सुटून हातात यावे, अशी ही पाककृती पोर्तो रिको बेटावर 'पेर्निल' या नावाने ओळखली जाते. पेर्निल या स्पॅनिश शब्दाचा मूळ अर्थ जनावराची मांडी असा असला तरी व्यवहारात पुढच्या पायाच्या वरचा, म्हणजे खांद्याचा, भागच अधिक वापरला जातो, कारण त्यात चरबी आणि स्नायूंना जोडणारे संयोजी ऊतक जास्त असते आणि म्हणून दीर्घकाळ शिजूनही ते मांस कोरडे पडत नाही. क्युबात हीच पद्धत 'लेचोन असादो' म्हणून नाताळच्या आदल्या रात्रीचे मुख्य पक्वान्न होते, हैतीत मुरवलेले मांस आधी शिजवून मग तळले की त्याला 'ग्रियो' म्हणतात, आणि जमैकात तिखट मसाला चोळून लाकडाच्या धगीवर व धुरात शिजवलेल्या मांसाला 'जर्क' म्हणतात. ही पाककृती मराठवाड्यातील एखाद्या घरात, उदाहरणार्थ हिंगोली जिल्ह्यातील वसमतमध्ये, कशी करता येईल हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. साहित्य बहुतेक सगळे हाताशी आहे, किंबहुना त्यातले बरेचसे आशियातूनच तिकडे पोहोचलेले आहे. खरी अडचण आहे ती डुकराच्या मांसाबद्दल मराठी पाकलेखनाने पाळलेल्या मौनाची, आणि त्या मौनाचा विचार केल्याशिवाय केवळ कृती सांगून थांबणे अपुरे ठरेल.

डुक्कर हा कॅरिबियन बेटांचा मूळ प्राणी नव्हे. ख्रिस्तोफर कोलंबस १४९३ साली दुसऱ्या सफरीवर निघाला तेव्हा कॅनरी बेटांपैकी ला गोमेरा येथे त्याच्या ताफ्याने आठ डुकरे विकत घेतली आणि त्याच मुक्कामात संत्रे, लिंबू इत्यादींच्या बियाही घेतल्या, असे बार्तोलोमे दे लास कासास या स्पॅनिश धर्मगुरूने आपल्या इतिहासग्रंथात नोंदवले आहे. म्हणजे मांस आणि ते मुरवण्याचा आंबट रस हे या पाककृतीचे दोन आधार एकाच ताफ्यातून हिस्पॅनिओला बेटावर, जिथे आज हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक हे दोन देश आहेत, उतरले. शिकारी श्वापदे नसलेल्या त्या रानांत डुकरे झपाट्याने वाढली आणि रानटीही झाली. बेटांवरचे मूळ रहिवासी जे ताइनो लोक, ते मासे आणि इतर मांस लाकडी मचाणावर ठेवून खालच्या मंद धगीवर भाजत असत. त्या मचाणाला असलेला 'बार्बाकोआ' हा शब्द आज 'बार्बेक्यू' या रूपात जगभर फिरतो. तशाच मचाणाला फ्रेंच लोकांनी 'बुकां' म्हटले, आणि त्यावर रानडुकरांचे व रानगुरांचे मांस धुरी देऊन विकणारे शिकारी पुढे समुद्री लुटारू झाले तेव्हा इंग्रजीत त्यांना 'बकनिअर' हे नाव पडले.

जमैकाच्या जर्कचा इतिहास अधिक कष्टांचा आहे. इंग्रजांनी १६५५ साली ते बेट स्पॅनिशांकडून घेतले, तेव्हा गुलामगिरीतून निसटलेले आफ्रिकी लोक डोंगरांत गेले आणि उरल्यासुरल्या ताइनोंच्या संगतीने तिथे वसले. त्यांना 'मरून' म्हणतात. रानडुक्कर मारावे, मीठ-मिरचीचा आणि ऑलस्पाइस या तिथल्या सुगंधी फळाचा मसाला चोळावा आणि खड्ड्यात झाकून शिजवावे, म्हणजे धूर दिसून पाठलाग करणाऱ्यांना ठावठिकाणा लागत नाही, असे या पद्धतीच्या उगमाविषयी सांगितले जाते. इंग्रज सैन्याला मरूनांचा बीमोड करता आला नाही आणि अखेर १७३९ साली त्यांच्याशी तह करावा लागला. त्याच वर्षी इकडे चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, हा योगायोग मराठी वाचकाला कालखंडाचे भान देण्यापुरता लक्षात ठेवण्याजोगा आहे. 'जर्क' हा शब्द दक्षिण अमेरिकेतील केचुआ भाषेतल्या 'चार्की' या, वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्यांना असलेल्या शब्दावरून आला असे भाषाभ्यासक मानतात. मराठवाड्यातील दलित वस्त्यांत उन्हात वाळवून ठेवलेल्या मांसाच्या पट्ट्यांना 'चान्या' म्हणत. जिथे मांस मिळते ते एकदम आणि टिकवायचे असते ते दीर्घकाळ, तिथे मीठ, ऊन आणि धूर ही तीनच साधने माणसाजवळ असतात, मग ते अँडीज पर्वताचे पठार असो की गोदावरीचे खोरे.

पोर्तो रिकोत संपूर्ण डुक्कर दांड्यावर फिरवत निखाऱ्यांवर भाजण्याची परंपरा आजही जिवंत आहे आणि कायेय या नगरपालिकेतील गुआवाते हा डोंगरी भाग त्यासाठीच प्रसिद्ध आहे. तेथील रस्त्याच्या दुतर्फा असलेल्या खाणावळींना 'लेचोनेरा' म्हणतात. परंतु संपूर्ण जनावर भाजणे हा गावाचा किंवा मोठ्या कुटुंबाचा सोहळा असतो. घरच्या चुलीला झेपेल असा त्याचा एक भाग म्हणजे पेर्निल, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर न्यू यॉर्कच्या लहान घरांत राहायला गेलेल्या पोर्तो रिकन कुटुंबांनी नाताळाला ओव्हनमधला पेर्निल करून तोच सोहळा चार भिंतींच्या आत टिकवला. म्हणून घरी करून पाहणाऱ्याने आदर्श ठेवायचा तो या घरगुती पेर्निलचा. लेचोनेरातील भट्टीशी बरोबरी करण्याचे कारण नाही.

या सर्व पाककृतींचा मराठी भाषकांशी सर्वांत जवळचा दुवा मात्र स्पॅनिश बेटांतून जात नाही. तो पोर्तुगालच्या मादेरा या अटलांटिक महासागरातील बेटावरून जातो. मादेरात नाताळाला 'कार्ने द विन्या द'आल्योश' म्हणजे वाइन वा व्हिनेगर आणि लसूण यांत मुरवलेले डुकराचे मांस करतात. 'विन्यो' म्हणजे वाइन आणि 'आल्यो' म्हणजे लसूण. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा जिंकल्यावर ही पद्धत गोव्यात आली, वाइनच्या व्हिनेगरची जागा माडाच्या ताडीपासून केलेल्या व्हिनेगरने घेतली, त्याच पोर्तुगीजांच्या जहाजांतून अमेरिकेतून आलेली लाल मिरची वाटणात पडली, जिरे, दालचिनी, लवंग, हळद ही इथली द्रव्ये मिसळली आणि 'विंदालू' तयार झाला. त्यात बटाट्याचा काहीही संबंध नाही. शेवटचा 'आलू' हा 'आल्यो' या पोर्तुगीज लसणाचा अपभ्रंश आहे, हे उत्तर भारतीय पद्धतीच्या उपाहारगृहांतून बटाटा घातलेला विंदालू खाल्लेल्यांनी ध्यानात ठेवावे.

विंदालू गोव्यापुरता राहिला नाही. १५३४ च्या तहाने वसई आणि मुंबईची बेटे पोर्तुगीजांकडे गेली आणि उत्तर कोकणातील कोळी, आगरी, वाडवळ, सामवेदी अशा अनेक समाजांतील कुटुंबे ख्रिस्ती झाली; त्यांची भाषा मात्र मराठीच राहिली. यांपैकी मुंबई परिसरातील ख्रिस्ती समाजाने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास, 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. त्यांच्या घरांत नाताळाला होणारे डुकराच्या मांसाचे 'इंदियाल' हे विंदालूचेच मराठमोळे रूप आहे, आणि उन्हाळ्यात अनेक जिन्नस भाजून-कांडून बाटल्यांत दाबून भरलेला 'बॉटल मसाला' ही या समाजाची खास ओळख आहे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे जानेवारी २०२० मध्ये मराठवाड्यातच, उस्मानाबादला, भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यांच्या मराठीचा जसा मराठी साहित्याने आदराने स्वीकार केला, तसाच त्यांच्या समाजाच्या इंदियालचा मराठी पाककलेने स्वीकार करायला हवा होता, पण महाराष्ट्राच्या जेवणाचे वर्णन करताना त्याची आठवण क्वचितच निघते.

आता याच मादेराची दुसरी वाट पाहावी. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी १८३४ पासून संपुष्टात येऊ लागली तेव्हा गयानातील ऊसमळ्यांच्या मालकांना मजूर हवे होते. ३ मे १८३५ रोजी 'लुईझा बेली' या जहाजातून मादेराचे पहिले मजूर गयानात उतरले; त्रिनिदादमध्ये मादेराचे लोक १८४६ मध्ये मोठ्या संख्येने पोहोचले. त्यांनी सोबत नेलेली विन्या द'आल्योश तिथे 'गार्लिक पोर्क' या साध्या इंग्रजी नावाने रुजली. डुकराच्या मांसाचे तुकडे व्हिनेगर, भरपूर लसूण, थाइम हा सुगंधी पाला आणि स्थानिक तिखट मिरची यांत कित्येक दिवस बरणीत मुरवतात आणि नाताळच्या सकाळी ते शिजवून, त्यांच्याच चरबीत परतून पावाबरोबर खातात. एकाच पोर्तुगीज परंपरेतली एक कृती पूर्वेला गोवा आणि वसईपर्यंत आली, तीच पश्चिमेला त्रिनिदादपर्यंत गेली, आणि पहिल्या फाट्यावर तिचे नामकरण मराठी-कोंकणी जिभेने केले. कॅरिबियन पद्धतीचे मुरवलेले डुक्करमांस म्हणजे सर्वस्वी परकी गोष्ट, असे मानणाऱ्याला यापुढे काही वेगळे सांगण्याची गरज राहू नये.

गयानात ५ मे १८३८ रोजी आणि त्रिनिदादमध्ये ३० मे १८४५ रोजी भारतातील पहिले करारबद्ध मजूर पोहोचले. पुढे गेलेल्या मजुरांतले बहुतेक भोजपुरी भाषक होते. मुंबई इलाख्यातून गेलेल्या मराठी मजुरांच्या वाट्याला मुख्यतः मॉरिशस आले. तरी भोजपुरी माणसांनी नेलेला एक शब्द वसमतच्या वाचकाला थांबायला लावील, आणि तो म्हणजे 'हर्दी'. त्रिनिदादच्या बाजारात हळदीला आजही हर्दी म्हणतात. तिथल्या प्रत्येक हिरव्या वाटणात पडणाऱ्या, कोथिंबिरीपेक्षा उग्र वासाच्या लांबट पानांना 'शॅडो बेनी' या नावाबरोबर 'बंधनिया' असेही नाव आहे, ते रानातला धणा या अर्थाने आलेले आहे. पोर्तो रिकन घरांत वापरल्या जाणाऱ्या 'गोया' या अमेरिकी कंपनीच्या तयार ॲडोबो मसाल्यात मीठ, दाणेदार लसूण, ओरेगानो आणि मिरी यांच्या जोडीला हळदही असते. ॲडोबो म्हणजे मांस मुरवण्याचा कोरडा किंवा ओला मसाला.

वसमतची ओळखच हळद आहे. पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यांनी भिजणाऱ्या या परिसरात हळदीचे मोठे क्षेत्र आहे, येथील बाजारात आजूबाजूच्या जिल्ह्यांतून हळकुंडे विक्रीला येतात, 'वसमत हळद' या नावाला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्रही शासनाने याच गावासाठी मंजूर केले. हळद काढणीनंतर कंद शिजवणे, वाळवणे आणि घोळून चकचकीत करणे ही कामे इथल्या शेतकरी कुटुंबांच्या अंगवळणी पडलेली आहेत. हळदीवर इतके श्रम करणाऱ्या या गावाचा पोर्तुगीज खाद्यपरंपरेशी मात्र कधी संबंध आला नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इथल्या स्वयंपाकावर दख्खनी मुसलमानी पाककलेची छाया पडली, भांड्याचे तोंड कणकेने बंद करून 'दम' देण्याची रीत आली, आंबटपणासाठी चिंच आणि ताक राहिले, व्हिनेगर आले नाही. गावागावांतील मुसलमान समाजाला हे मांस धर्माने वर्ज्य आहे आणि त्यांच्या भावनेचा आदर राखूनच इतरांनी ते करावे-खावे, हे सहजीवनाचे साधे पथ्य आहे.

धर्माच्या निषेधाची बाब स्पष्ट असते. जातीचा निषेध मात्र बोलून दाखवला जात नाही आणि म्हणूनच अधिक टिकतो. मराठवाड्यात डुक्कर पाळणारे आणि खाणारे समाज होते आणि आहेत. वडार, कैकाडी अशा भटक्या-विमुक्त समाजांच्या अर्थव्यवहारात डुक्करपालनाला स्थान राहिले आहे, आणि लक्ष्मण माने यांच्या १९८० साली प्रसिद्ध झालेल्या 'उपरा' या आत्मकथनापासून या समाजांचे जगणे मराठी वाचकाला अपरिचित राहिलेले नाही. तरीही खाण्यावरच्या लेखनात ते उतरायला बराच काळ गेला. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली आले तेव्हा मराठवाड्यातील महार आणि मांग या समाजांच्या खाद्यसंस्कृतीची सविस्तर नोंद प्रथमच ग्रंथरूप झाली. २०२४ मध्ये भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला आणि मग देशभर त्याची चर्चा झाली. ज्या स्वयंपाकात तूप, दूध, खोबरे यांना जागा नव्हती, कारण ती विकत घेण्याची ऐपतच ठेवलेली नव्हती, त्या स्वयंपाकाने जनावराचा कोणताही भाग वाया जाऊ न देता चव निर्माण केली, आणि तिला पाककृती म्हणण्याइतकीही प्रतिष्ठा मिळाली नाही. मरूनांनी डोंगरात लपून शिजवलेले मांस आज जमैकाचा राष्ट्रीय अभिमान म्हणून जगभर विकले जाते. मराठवाड्यातील गावकुसाबाहेरच्या चुलीवर शिजलेल्या मांसाला तसा मान मिळू नये, याला चवीत काही उणे होते हे कारण नाही. ज्यांनी ते शिजवले त्यांना समाजाने दिलेले स्थान हे कारण आहे. या लेखात पेर्निलला जागा देताना हे सांगितले नाही, तर परदेशी नाव धारण केल्यावरच डुकराचे मांस सुसंस्कृत ठरते असा चुकीचा संदेश जाईल.

साहित्याकडे वळताना प्रथम नारिंगाचा विचार करावा, कारण कॅरिबियन चवीचा कणा तोच आहे. संस्कृतातील 'नारङ्ग' फारसीत आणि अरबीत जाऊन स्पॅनिशमध्ये 'नारांहा' झाला. क्युबात 'नारांहा आग्रिया' म्हणजे आंबट, किंचित कडसर नारिंग, आणि त्याचा रस, लसूण, जिरे, ओरेगानो व तेल यांच्या मिश्रणाला 'मोहो' म्हणतात. असे आंबट नारिंग वसमतच्या बाजारात सहसा मिळणार नाही, परंतु दोन भाग मोसंबीचा रस आणि एक भाग कागदी लिंबाचा रस एकत्र केला आणि त्यात मोसंबीच्या सालीचा वरचा हिरवा-पिवळा भाग थोडा किसून घातला, की कडसरपणासह ती चव बरीच जवळ येते. मोसंबी तर मराठवाड्याचीच. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही आहे. ओरेगानोच्या जागी पिझ्झ्याबरोबर येणाऱ्या पुड्या वापरता येतील, मात्र त्याहून चांगला पर्याय अनेक अंगणांत कुंडीत वाढत असतो. जाड, लवदार आणि चुरगळताच ओव्याचा वास सोडणाऱ्या ज्या पानांची भजी केली जातात, ती ओव्याची पाने आणि पोर्तो रिकोत 'ओरेगानो ब्रुहो' म्हणजे चेटक्याचा ओरेगानो या नावाने मसाल्यात पडणारी पाने एकाच वनस्पतीची आहेत. जमैकाच्या पद्धतीने करायचे असल्यास ऑलस्पाइसऐवजी मिरी, लवंग, दालचिनी आणि किंचित जायफळ यांची पूड चालते. मांस गुंडाळायला केळीचे पान लागले तर अर्धापूरची केळीची शेते वसमतपासून दूर नाहीत.

कृती नीट जमण्यासाठी तिच्यामागील कार्यकारणभाव कळला पाहिजे. मुरवण्याच्या मसाल्यात खोलवर जाते ते मीठ; आंबट रस आणि लसणाचा अर्क पृष्ठभागाखाली काही मिलिमीटरच्या पुढे फारसा जात नाही. म्हणूनच पोर्तो रिकन घरांत मांसाला सुरीच्या टोकाने इंच-दीड इंच खोल चिरे पाडून त्यांत वाटण बोटाने दाबून भरतात. आंबट रसात दोन-तीन दिवस ठेवले म्हणजे मांस अधिक मऊ होईल ही समजूत चुकीची आहे. मांसाचा वरचा थर त्याने पिठूळ होतो. गार्लिक पोर्क आणि विंदालू यांत मांस अनेक दिवस व्हिनेगरमध्ये राहते ते लहान तुकड्यांचे असते आणि मूळ हेतू टिकवण्याचा असतो. शिजण्याबाबतही असाच एक गैरसमज आहे. मांसाच्या आतले तापमान साठ-सत्तर अंश सेल्सियसला पोचले की स्नायूंतील प्रथिने आकसून रस बाहेर टाकतात आणि या टप्प्यावर खांद्याचे मांस चिवट लागते. अननुभवी माणूस इथेच निराश होऊन आच वाढवतो. सत्तर अंशांच्या पुढे मात्र स्नायूंना बांधून ठेवणारे कोलॅजेन नावाचे प्रथिन हळूहळू विरघळून जिलेटिनमध्ये बदलू लागते, म्हणजे पायाच्या रश्श्याला जो बुळबुळीत दाटपणा येतो तोच पदार्थ मांसात भिनतो, आणि आतले तापमान नव्वद ते पंच्याण्णव अंशांपर्यंत जाऊन तिथे काही काळ राहिले की तेच चिवट मांस बोटांनी सुटे होते. या बदलाला वेळ लागतो आणि तो वेळ दिलाच पाहिजे.

तीन किलो हाडासकट खांद्यासाठी पन्नास ग्रॅम मीठ, लसणाचे दोन मोठे गड्डे, मोठा चमचाभर भरडलेली मिरी, बारा-पंधरा ओव्याची पाने किंवा मोठा चमचाभर सुका ओरेगानो, लहान चमचाभर भाजलेले जिरे आणि तेवढीच हळद घ्यावी. हळदीचा हात सैल सोडू नये, कारण दीर्घ शिजण्यात जास्तीची हळद मातकट आणि कडवट लागते. वसमतची हळद घेतली तर लहान चमचाही शीग लावून भरू नये. पोर्तो रिकोत हे वाटण 'पिलोन' या लाकडी उखळात कुटतात, मराठी घरात खलबत्ता आहेच. मिक्सरच्या पाणीदार पेस्टपेक्षा कुटलेले भरड वाटण चिऱ्यांत चांगले टिकते. त्यात चार मोठे चमचे तेल, दोन चमचे व्हिनेगर आणि वर सांगितलेल्या मिश्र रसाची एक वाटी घालावी. कातडी मांसापासून पूर्ण न तोडता एका बाजूने सोडवून तिच्याखालीही वाटण लावावे, परंतु कातडीच्या वरच्या बाजूला केवळ मीठ चोळून ती कोरडी ठेवावी, अन्यथा ती कुरकुरीत होत नाही. स्टीलच्या, काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात झाकून फ्रिजमध्ये चोवीस तास ठेवावे. ॲल्युमिनियमचे किंवा कल्हई उडालेले पितळी भांडे आंबट रसासाठी घेऊ नये. मराठवाड्याच्या हवेत मांस ओट्यावर मुरवणे धोक्याचे आहे, आणि वीज बराच वेळ जात असेल तर हा बेतच थंडीच्या दिवसांपर्यंत पुढे ढकलावा.

ओव्हन असल्यास मांस तासभर आधी बाहेर काढून, कातडीची बाजू वर ठेवून, भांडे झाकून दीडशे अंशांवर तीन ते साडेतीन तास आणि मग उघडे करून आणखी तास-दीड तास ठेवावे, आणि शेवटी वीस-पंचवीस मिनिटे दोनशे वीस अंशांवर नेऊन कातडी फुगू आणि कडकडू द्यावी. ही कुरकुरीत कातडी पोर्तो रिकन जेवणात सर्वांत आधी संपते. ओव्हन नसल्यास काहीच अडत नाही. कसायाकडूनच खांद्याचे चार मोठे तुकडे करून घ्यावेत, जाड बुडाच्या पातेल्यात मुरवणीच्या रसासह आणि वाटीभर पाण्यासह ठेवावेत, पातेल्याखाली तवा ठेवावा, झाकणाची कड कणकेने बंद करावी आणि अगदी बारीक आचेवर तीन-साडेतीन तास ठेवावे. नंतर तुकडे त्यांच्याच चरबीत तव्यावर खरपूस परतावेत, म्हणजे ते हैतीच्या ग्रियोच्या जवळ जाते. प्रेशर कुकरमध्ये वाफेचे तापमान एकशे वीस अंशांच्या आसपास जात असल्याने पाऊण तासात मांस मऊ होते, परंतु कडेचा खरपूसपणा मिळत नाही, तेव्हा तो तव्यावर मिळवावा लागतो. शेतात करायचे असेल तर हुरड्याची आगटी आणि रोडगे भाजण्याचा गोवऱ्यांचा आर ज्यांच्या परिचयाचा आहे त्यांना वेगळे शिकवण्याची गरज नाही. शेकून मऊ केलेल्या केळीच्या दुहेरी-तिहेरी पानांत मांस बांधून, झाकण घट्ट बसणाऱ्या जाड लोखंडी भांड्यात घालून ते विझत आलेल्या गोवऱ्यांत वरखाली निखारे देऊन ठेवावे. रायगडची पोपटी ज्या तत्त्वावर शिजते तेच तत्त्व इथे आहे, फक्त वेळ कितीतरी पट अधिक.

डुकराच्या मांसाविषयीच्या भीतीचा एक भाग खरा आहे आणि तो स्पष्ट सांगितला पाहिजे. अर्धवट शिजलेल्या मांसातून पट्टकृमीचा संसर्ग होऊ शकतो. ज्या मेंदूच्या आजाराने झटके येतात तो मात्र या कृमीची अंडी पोटात गेल्याने होतो, आणि ती अंडी संसर्ग झालेल्या माणसाच्या विष्ठेतून हात, पाणी आणि न धुतलेल्या भाज्या यांवाटे येतात, म्हणून कधीही मांस न खाणाऱ्यालाही हा आजार होतो. उघड्यावरील शौच आणि मोकाट फिरणारी डुकरे या साखळीला जिवंत ठेवतात. तेव्हा बंदिस्त गोठ्यात, चारलेल्या खाद्यावर वाढवलेल्या जनावराचेच मांस, तपासणी करून विकणाऱ्याकडूनच घ्यावे, कच्च्या मांसाची सुरी आणि फळी वेगळी ठेवावी, आणि पूर्ण शिजल्याशिवाय चव पाहू नये. नव्वद अंशांच्या पुढे तासन्तास शिजलेल्या पेर्निलमध्ये हा कृमी जिवंत राहू शकत नाही. या बाबतीत मंद आचेची जुनी रीत घाईच्या तव्यापेक्षा सुरक्षित आहे.

शिजलेले मांस पंधरा-वीस मिनिटे झाकून ठेवावे, हाताने सुटे करावे आणि तळाशी उरलेला रस वरची चरबी काढून त्यावर ओतावा. ज्वारीच्या भाकरीबरोबर, चिरलेला कांदा आणि लिंबाची फोड घेऊन ते उत्तम लागते. परंतु पोर्तो रिकोत पेर्निलशेजारी ठरलेला पदार्थ आहे 'आरोस कोन गांदुलेस', म्हणजे गांदुलेस घालून शिजवलेला भात, आणि गांदुलेस म्हणजे तूर. तुरीचे मूळ भारतातले. आफ्रिकेत रुजून, गुलामांच्या व्यापाराच्या काळात ती कॅरिबियनमध्ये पोहोचली. तिथे ती वरणासाठी भरडत नाहीत, शेंगा ओल्या असताना दाणे सोलून वापरतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या बदनापूर केंद्राने तुरीचे वाण विकसित केले आहेत आणि 'बीडीएन ७११' त्यांपैकी सर्वदूर पोहोचलेला आहे, तेव्हा या दाण्यांसाठी मराठवाड्यात कुणाला लांब जावे लागणार नाही. कांदा, लसूण, ढोबळी मिरची आणि कोथिंबीर तेलात परतून त्यात वाटीभर ओले तुरीचे दाणे आणि दोन वाट्या तांदूळ घालून हा भात करता येतो. रंगासाठी तिकडे शेंदरीच्या बियांचे तेल वापरतात, इथे चिमूटभर हळद पुरे. ज्यांच्या घरात डुकराचे मांस चालत नाही त्यांनी याच वाटणात बोकडाची रान मुरवून, तशाच मंद आचेवर करून पाहावी.

पोर्तो रिकोत ओल्या गांदुलेसचा हंगाम नाताळाच्या सुमारास सुरू होतो. वसमतच्या शिवारात तुरीच्या शेंगा भरतात त्याही डिसेंबरातच.